भोंग्याची खुर्ची

टेबल टेनिसच्या मॅडम तीस वर्षं मुलींना शिकवत होत्या, पण त्या कधी कुणा पालकाच्या वाकड्यात शिरल्या नव्हत्या. एका मुलीचा बाप मात्र त्यांच्या डोक्यात गेला होता. सामना चालू असताना तो लेकीवर असा खेकसायचा, की मुलींनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. मागच्या रविवारी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "या बाईंना काय घंटा कळतंय!" मॅडम आठवडाभर आतल्या आत धुमसत राहिल्या.

आज त्या गोड हसून म्हणाल्या, "साहेब, गुण मांडायला माणूस नाही. बसता का? फक्त या खुर्चीतल्या माणसानं तोंड उघडायचं नसतं."

भोंगा ऐटीत बसला. लेकीचा चेंडू हुकला, की समोरच्या मुलीच्या आकड्याची पाटी त्यालाच उलटावी लागे. पहिल्याच गेममध्ये त्यानं ओठ चावत अकरा वेळा ती उलटली. मॅडमच्या काळजाला गारवा मिळाला.

सामना हरून लेक घाम पुसत आली आणि बापासमोरच म्हणाली, "मॅडम, बाबांना दर वेळी तिथंच बसवा. आज पहिल्यांदा मला चेंडूचा आवाज ऐकू आला."