आजोबांचं कार्टून

माझे वडील आणि माझी चौदा वर्षांची लेक रोज संध्याकाळी टीव्हीवर एक कार्टून मालिका बघायचे. त्यातल्या शाळकरी मुलीचे आईवडील वेगळे होत होते, आणि ती रडायला लागली की नेमका तिच्या डोक्यावर केक पडायचा. हे दोघं डोळे पुसत खिदळायचे. मी वैतागून ओरडायचो, "हसायचं की रडायचं, एक काहीतरी ठरवा!"

मालिकेचे शेवटचे भाग राहिले असतानाच वडील गेले. दहाव्याला गोदाघाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. काकांनी घोटीची जमीन विकणार नाही, असा शब्द दिला. आत्याने वणीला पायी जायचं कबूल केलं. मी आईला सांभाळेन म्हणालो. कावळे झाडावर ढिम्म. गुरुजी घड्याळ बघू लागले.

तेवढ्यात लेक पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "आजोबा, ती आईकडे राहते की बाबांकडे, ते मी तुमच्या फोटोसमोर बसून सांगेन."

कावळ्याने झडपच घातली.

मला हसू फुटलं आणि डोळ्यांना धारा लागल्या. लेक कानाशी कुजबुजली, "बाबा, एक काहीतरी ठरवा."