कूलरचं टेबल

पडेगावला नवं घर घेऊन आम्हाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा दौलताबादच्या रस्त्यावर खडीवरून माझी स्कूटी घसरली. उजव्या नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड घातला आणि मी घरी येऊन पुढच्या खोलीतल्या पलंगावर पडले. त्याआधी उस्मानपुऱ्यात एका बालवाडीत शिकवायला जायचे. सकाळी स्कूटी काढायची, दुपारी घरी. तेवढं एकच बाहेर पडणं होतं, तेही गेलं.

आमची वसाहत नवी. निम्मी घरं रिकामी, ओळखी झालेल्या नाहीत. मुलगी लग्न होऊन नाशिकला. नवरा वाळूजच्या कंपनीत, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. त्याने माझी सोय लावायला घेतली. खिडकीतला लोखंडी कूलर हिवाळ्यात नुसताच पडून होता. तो त्याने खाली उतरवला, आतली मोटर आणि गवताच्या जाळ्या काढून माळ्यावर टाकल्या, वर प्लायवूडची फळी ठेवली आणि फळीवर जुन्या पडद्याचं कापड घालून टाचण्या लावल्या. कूलर कमरेइतका उंच, खाली चार चाकं. पलंगाला लावला की बरोबर हाताशी यायचा. पाण्याची बाटली, गोळ्या, चष्मा, दुपारचा डबा, रिमोट, सगळं त्यावर. बेडपॅन पलंगाखाली.

"बघ, आता तुला काही कमी पडायचं नाही," तो म्हणाला. मनापासून खूश होता.

मलाही आधी बरं वाटलं. पण दिवस जात गेले तसं ते टेबल मला नकोसं झालं. सगळं हाताशी होतं, म्हणून कुणाला हाक मारायचं कारण नव्हतं. कुणी यायचंही कारण नव्हतं. वसाहतीत एकदोन चोऱ्या झाल्या होत्या आणि मला उठून आतून कडी लावता येत नव्हती. त्यामुळे जाताना तो बाहेरून कुलूप लावायचा. चावी फिरली की मी डोळे मिटून घ्यायचे. मग मोटारसायकल लांब जाईपर्यंत ऐकायचे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत छताचा पंखा आणि मी.

डॉक्टरांनी वॉकर घेऊन थोडं थोडं चालायला सांगितलं, तेव्हा मी सुटले असं वाटलं. पण घरी आल्यावर तो म्हणाला, "मी असतानाच चालायचं. एकटी असताना अजिबात नाही." आणि वॉकर आतल्या खोलीत ठेवून दिला. संध्याकाळी तो दमून यायचा, जेवायचा. चालणं उद्यावर जायचं.

असंच एक ‘उद्या’ जानेवारीत माझ्या डोक्यात गेलं. मला स्वयंपाकघर बघायचं होतं. काही आणायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. मी पलंगावरून पाय खाली सोडले, कूलरच्या दोन्ही कडा धरल्या आणि उभी राहिले. जड होता, डुलला नाही. त्याला पुढं ढकलत, डाव्या पायावर भार देत निघाले. चाकं कुरकुरत होती. खोलीच्या मध्यावर पोचले तेव्हा मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी माझ्या मनानं कुठंतरी चालले होते.

स्वयंपाकघराच्या दारात फरशीची पट्टी आहे आणि पलीकडची जमीन बोटभर खाली. पुढची चाकं पट्टीवरून पलीकडं उतरली आणि कूलर चौकटीत तिरका होऊन अडकला. ढकलला, हलेना. ओढायला जावं तर दुखऱ्या पायावर भार यायचा. मागं वळावं तर धरायला काही नाही. खाली बसायचं तर पाय वाकत नव्हता. फोन पलंगावर चार्जिंगला लावलेला. मी चौकटीला खांदा टेकून एका पायावर उभी राहिले. समोर माझा ओटा दिसत होता. सगळी भांडी मी कधीच लावली नसती अशी लावलेली. मला रडू आलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पोटरी थरथरायला लागली होती. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"काकू! पाणी आलंय, नळाला लई जोर हाय. हौदाचा कॉक उघडा!"

शेजारची तरुण सून होती, अजिंठ्याकडची. आमच्यात आजवर नुसती हसण्यापुरती ओळख. मी ओरडले, "अगं, मी अडकलेय इथं!"

तिनं खिडकी ढकलून आत पाहिलं. "अगं बया! दार उघडते, थांबा." मग दाराशी गेली आणि परत खिडकीत आली. "कुलूप हाय की! तुम्हाला कोंडून गेलेत व्हय?"

तो शब्द मी मनातसुद्धा कधी वापरला नव्हता. "तसं नाही गं," म्हणाले.

मी नवऱ्याचा नंबर सांगितला, तिनं तिच्या फोनवरून लावला. कंपनीत फोन बाहेर जमा करावा लागतो, कोण उचलणार? तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काकू, कडी तोडू का?"

दार नवं, कुलूप त्याने निवडून आणलेलं. माझ्या डोळ्यांपुढं त्याचा चेहरा आला. पाय आता सुन्न होत होता.

"तोड," मी म्हणाले.

ती घरून वरवंटा घेऊन आली. चारपाच दणक्यांत कडी उखडली. तिनं येऊन माझ्या काखेत हात घालून मला धरलं आणि पलंगावर आणून बसवलं. मग कूलर उचलून सोडवला, आमच्या हौदाचा कॉक उघडला आणि चहा टाकला. तिच्या घरी नळ तसाच वाहत होता. मी म्हटलं, जा तू. तर म्हणाली, "भरंल की. सासूबाई हायत."

संध्याकाळी नवरा धावतच आत आला. चेहरा पांढराफटक. "कडी तुटलेली बघून मला वाटलं..." मी सगळं सांगितल्यावर मात्र चिडला. "काय कमी होतं तुला? सगळं हाताशी ठेवलं होतं! पडली असतीस तर?"

"पडले असते, तर दार कोण उघडणार होतं?"

तो उठला आणि तुटलेली कडी स्क्रू काढून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी नवी बसवली आणि एक चावी शेजारी देऊन आला. वॉकरही पलंगाजवळ आणून ठेवला. पण कुलूप लावणं सोडलं नाही. "चोऱ्यांचं बघ ना," म्हणाला. त्याला माझी काळजी होतीच, हे मला माहीत होतं. काळजीशी भांडता येत नाही. रागाशी आलं असतं.

शेजारीण दुपारची कधीतरी चावी फिरवून यायची, गावाकडच्या गोष्टी सांगायची आणि जाताना विचारायची, "लावू का परत?" मी नको म्हणायचे. आता दारापर्यंत जाऊन कडी लावता येत होती.

उन्हाळा लागला आणि कूलर खिडकीत गेला. मी काठीशिवाय चालू लागले, थोडं लंगडत. बालवाडीत माझ्या जागी दुसरी बाई घेतली होती. स्कूटी नवऱ्याने मला न विचारता विकली होती. "परत बसायचं नाही त्यावर," एवढंच म्हणाला.

मे संपता संपता एके दिवशी मी मोठ्या रस्त्यापर्यंत एकटी गेले. रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "उस्मानपुरा का, ताई?" मागच्या सीटवर एकीपुरती जागा होती. मी पदर सावरला, बालवाडी सुटल्यावर तिथं आता कुणाकडं जायचं हे आठवत राहिले, आणि तो निघून गेला.