गोठा शाळा

आमच्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं. साधं पत्र आलं तरी ते वाचून घ्यायला वडील जवळा बाजार या गावापर्यंत पायी जायचे. मग शेजारच्या काकांनी आपले बैल लिंबाखाली बांधले आणि गोठा मराठी शाळेला दिला. काकांचं प्रत्येक बोलणं ‘बराबर’वर संपायचं.

निजामाच्या राज्यात परवान्याशिवाय शाळा चालवता येत नसे. एकदा पोलिसांचा अमीन अचानक दारात आला. गुरुजींनी घाईघाईनं आमच्या पाट्या कडब्यात खुपसल्या. मी रडत ओरडलो, “माझी पाटी!”

अमीन म्हणाला, “मदरसा चलता है यहाँ?”

“न्हाई साहेब, गोठा हाय. पोरगं शेणाची पाटी मागून राह्यलं. बराबर.” आणि काकांनी शेणानं भरलेली पाटी खरंच गुरुजींच्या डोक्यावर ठेवली. अमीन नाक दाबून निघून गेला.

निजामाचं राज्य गेलं, शाळेला मंजुरी आली. सगळे म्हणाले, काकांचं नाव द्या.

“माझं काहून? अमीनाला सांगितलं तेच लिवा. बराबर.”

दारावरच्या फलकावर ‘गोठा शाळा’ असं रंगवलं गेलं. त्याच शाळेत शिकून मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.