सुधारलेली चकती

त्या रविवारची हकिकत घरात सांगितली जाते ती अशी: तेल फार तापलं होतं, तिने घाई केली, आणि नवऱ्याने वेळीच गॅस बंद केला म्हणून निभावलं. यातलं फक्त नवऱ्याने गॅस बंद केल्याचं खरं आहे. तेल हवं तेवढंच तापलं होतं. आणि घाई तिच्या स्वभावातच नव्हती. रुग्णालयाच्या शिवणखोलीत विरलेल्या चादरींना ठिगळं लावण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती; घाईने घातलेला टाका आपल्यालाच उसवावा लागतो, हे तिच्या बोटांना पुरतं ठाऊक होतं.

दर रविवारी ती घरी चुरो करी. पाण्याला उकळी आली की मीठ आणि तेलाचा थेंब घालायचा, त्यात एकदम मैदा लोटून घट्ट उकड काढायची, ती मळून सोऱ्यात ठासून भरायची आणि चांदणीच्या चकतीतून लांब कांड्या थेट कढईत सोडायच्या. तळून निघाल्या की दालचिनी घातलेल्या साखरेत घोळवायच्या. सुरुवात हौसेची होती; पुढे वरखालच्या मजल्यांवरून ताटल्या येऊ लागल्या. त्या रविवारी तळमजल्यावरच्या चहाच्या दुकानाची मालकीण स्वतः चव बघायला येणार होती. तिला पटलं तर रोजचे चुरो हिच्याकडून जाणार होते आणि शिवणखोली कायमची सुटणार होती. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नवरा कारखान्यात लेथवर टर्नर. तिथे त्याला 'सुधारक' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणतात असा त्याचा प्रामाणिक समज होता. घरातली एकही वस्तू त्याने आहे तशी राहू दिली नव्हती. त्याने सुधारलेला नळ उलट्या बाजूने उघडे. सुधारलेल्या कपाटाचं दार बंद करायला गुडघा लावावा लागे. प्रत्येक सुधारणा कुणाच्या तरी सोयीसाठी असे, आणि त्या कुणाला तरी कधीही विचारलेलं नसे. सोऱ्या दाबताना मनगटात कळ येते, असं ती एकदा सहज बोलून गेली होती. तेवढं त्याला पुरलं.

मालकीण येऊन बसली. तेल तापलं. पहिली कांडी चकतीतून उतरली ती गोल, दोरखंडासारखी गुळगुळीत. तिचा हात जागीच थांबला.

"चकती कोणी बदलली?"

"बदलली नाही, सुधारली," नवरा म्हणाला. "काल लेथवर धरली आणि दात काढून टाकले. बघ कशी लोण्यासारखी उतरतेय."

"अहो, त्या दातांनी कंगोरे पडतात, म्हणून वाफेला वाट मिळते. गोल कांडीची साल आधी कडक होते आणि आत वाफ कोंडते. फुटेल ती."

"फुटायला ती काय सायकलची ट्यूब आहे?" मालकिणीकडे बघून तो हसला.

"एवढं मनापासून केलंय त्याने," सासूबाई दारातून म्हणाल्या. "चारचौघांत तरी त्याचं मन मोडू नकोस. एकदा घालून बघ की."

तिने घातली. एक नाही, तीन.

काही वेळ सगळं छान दिसलं. कांड्या फुगल्या, सोनेरी झाल्या. मग मधली कांडी काडकन फाटली आणि तेलाची चिळकांडी छतापर्यंत गेली. दुसरी फुटली ती तिच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. नवऱ्याने गॅस बंद केला. मालकिणीच्या पदरावर डाग पडले होते. त्या डागांकडे मालकिणीने पाहिलंही नाही. "हात पाण्याखाली धरा, ताई," एवढंच म्हणून ती उठली आणि जिना उतरून गेली.

भाजलेला हात घेऊन सून नळाशी गेली, पण तो उलटा फिरवायचा हे त्या क्षणी तिला आठवेना. तिने शिवी हासडली. सासूबाईंनी ती ऐकली.

"तोंड सांभाळ. तुझ्यासाठीच केलं ना त्याने?"

"तुझ्यासाठीच केलं," नवराही म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच पडला होता, आणि तिला त्याचाच अधिक राग आला. हात भाजला तिचा, गिऱ्हाईक गेलं तिचं, आणि समजूत काढायची ती मात्र त्याची.

"माझ्यासाठी केलंत, तर मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"मग?"

तो 'मग' त्याने मनापासून विचारला होता. त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं.

"उद्या दुसरी करून आणतो," तो म्हणाला. "हिच्याहून सरस."

"माझ्या कोणत्याही वस्तूला हात लावलात, तर ती कढई तुमच्या डोक्यात घालीन."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शिवणखोलीतून सुटल्यावर, हाताला पट्टी तशीच, ती चहाच्या दुकानात गेली. येताना भांड्यांच्या दुकानातून चांदणीची नवी चकती घेतली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, पुन्हा एकदा या. दोष चकतीचा होता."

मालकिणीने चकतीकडे पाहिलंच नाही. "मला चुरोची शंका नाही. मागे माझ्या पोऱ्याने वरून आणला होता, मी अर्धा खाल्लाय. मला तुमची शंका आहे. फुटणार हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"तरी घातलात. उद्या माझी गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना कुणी म्हणालं, घाला की एकदा, तर?"

राग आता नवऱ्यावर नव्हता, सासूबाईंवरही नव्हता. तो तिच्या स्वतःवरच वळला होता आणि तिथे तो सर्वांत जास्त जळत होता. "काल मी त्यांचं मन राखलं," ती म्हणाली. "माझं राखायला कुणीच नव्हतं, मीसुद्धा नव्हते. आता कुणी म्हणालं तर झारा खाली ठेवून निघून जाईन. तुम्ही म्हणालात तरी."

मालकीण थोडी हसली. "मग इथे येऊन तळा. माझी शेगडी, माझी कढई. तुमच्या घरचं कुणी आत येणार नाही. हात बरा झाला की सुरू करू."

ती वर आली. फळीवरचा सोऱ्या उतरवला, त्यातली ती गुळगुळीत चकती काढून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि सोऱ्या पिशवीत घातला. शिवणखोली सोडणार असल्याचं आणि यापुढे खालीच तळणार असल्याचं तिने दोन वाक्यांत सांगितलं.

नवरा घास घेता घेता थांबला. "मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. "मग रविवारी आम्ही काय खायचं?"

"खाली या," ती म्हणाली. "रांगेत उभं राहावं लागेल."