बोटीवरची संकष्टी

पाण्याची मला पहिल्यापासून धास्ती. माझं माहेर सांगोल्याकडचं. तिथं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसेल तेवढंच. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॅनडाला येताना विमानातून, आणि तोही एका डोळ्यानं, दुसरा घट्ट मिटून. मग कॅल्गरीत संसार झाला. तिथली थंडी हाडात शिरते, नाक सुकून रक्त येतं, पण समुद्र नाही. त्यामुळं मी कॅल्गरीला कधी नावं ठेवली नाहीत.

पण लेकीला नोकरी लागली ती थेट पश्चिमेच्या बेटावर, व्हिक्टोरियाला. तिथं तिनं घर घेतलं आणि आम्हाला बोलावलं.

"आई, व्हँकुव्हरपर्यंत फ्लाय करा, तिथून कार रेंट करा आणि फेरीनं या. इट्स सो ब्यूटिफुल."

"विमान थेट नाही का गं येत तुझ्या गावाला?"

"येतं ना. पण बाबांना फेरीच हवीय."

बाबांना म्हणजे आमच्या ह्यांना. हे इंजिनियर, सगळा जन्म तेलाच्या कंपनीत गेला. रिटायर झाल्यापासून कुठलंही मोठं लोखंड दिसलं की लहान मुलासारखे बघत राहतात. गाडीसकट माणसं पोटात घेणारी बोट, ती ह्यांना आतून बघायची होती. मी म्हटलं, बघा बाई. बुडालो तर दोघं एकत्र बुडू, तेवढंच समाधान.

आता ह्यांच्या संकष्टीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हार्टचं बायपास झाल्यापासून ह्यांनी संकष्टी धरली. त्याआधी देवाला हात जोडायलाही ह्यांना सवड नसायची. धरली ती मात्र कडक. चंद्र उगवल्याशिवाय जेवण नाही. कॅल्गरीच्या हिवाळ्यात बर्फाचे बूट घालून, हातात ताम्हन घेऊन बॅकयार्डमध्ये आम्ही दोघं ढगांकडे बघत उभे. शेजारची गोरी बाई खिडकीतून हात हलवायची, तिला वाटायचं आम्ही तारे बघतोय. ह्यांना डायबेटीस. म्हणून डॉक्टरांना विचारून ठरवून घेतलेलं, की संकष्टीला सकाळची साखरेची गोळी घ्यायची नाही. गोळ्यांचा डबा भरायचं काम माझं. स्वयंपाकघरात पुण्याहून आलेली दिनदर्शिका टांगलेली असते, त्यात बघायचं, आणि त्या दिवसाच्या खणातली ती गोळी काढून ठेवायची. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, कधी चूक नाही.

पण ती दिनदर्शिका हिंदुस्थानातली. तिथला चंद्र आणि इथला चंद्र यांच्यात अर्ध्या दिवसाचं अंतर. कधीकधी तिथली चतुर्थी उद्या असते आणि इथली आजच येऊन जाते. दिनदर्शिकेप्रमाणे संकष्टी दुसऱ्या दिवशी, लेकीच्या घरी पडत होती. मी मोदकांची पिठीसुद्धा बरोबर घेतली होती. सकाळी एअरपोर्टवर ह्यांनी चहा घेतला, गोळी घेतली, आणि मग फोनवर इथलं पंचांग काढून बसले, हा नाद नवाच.

"अगं, इथली चतुर्थी आजच आहे."

"अहो, असू द्या. गोळी घेतलीत ना आत्ता? उद्या धरा."

"उद्या पंचमी. पंचमीला कसली संकष्टी?"

"मग ह्या महिन्याला सोडा. गणपती काही हजेरी घेत नाही."

"एवढ्याशा गोळीनं काय होतंय? केळं खातो की मी."

केळं खाल्लं, ते विमानात. त्यानंतर व्हँकुव्हरला गाडी मिळायला उशीर, वर धो धो पाऊस, ह्यांनी एक वळण चुकवलं, बोट चुकेल म्हणून सगळी घाई. माझ्याकडे लाल पिशवीत खजूर होते, राजगिऱ्याचे लाडू होते. मी दोनदा काढून पुढं केले. "गाडी चालवतोय ना, बोटीवर खाऊ," म्हणाले.

बोटीच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगा. रांग हलली तशी आमची गाडी सरळ त्या बोटीच्या पोटात शिरली. बाई गं! वर लोखंडी छत, खाली ओलं लोखंड, पुढं ट्रक, मागं ट्रक, आणि सगळं मिळून आतल्या आत गुरगुरतंय. स्पीकरवर सांगत होते, सगळ्यांनी वर जायचं, बोट चालू असताना खालचा मजला बंद राहील. मी दाराबाहेर पडले ती जिन्याकडे धावलेच. ह्यांचा हात धरला होता, पर्स खांद्याला होती. लाल पिशवी गाडीत राहिली.

वर आल्यावर वाटलं, हे तर हॉटेलच. गालिचा, खुर्च्या, कॅफेटेरिया, तळलेल्या माशांचा वास. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर चार-साडेचारलाच अंधार पडायला लागलेला, काचेवर पाऊस. बोट सुटली तशी मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले. खाली किती पाणी असेल, लाइफ जॅकेट कुठल्या पेटीत असतील, मला पोहता येत नाही, ह्यांना येतं पण बायपास झालंय. हेच डोक्यात. पाण्याकडे बघत होते, आणि ह्यांच्याकडे बघतच नव्हते.

मग बोट एकदम वळली. समुद्र संपून दोन बेटांमधली अरुंद वाट आली. दोन्ही बाजूंनी काळे डोंगर इतके जवळ आले, की झाडं मोजता यावीत. आणि भोंगा वाजला. पोटातून कळ यावी तसा आवाज. मी ओरडलेच, "अहो, काय झालं?"

हे काही बोलले नाहीत. एरवी ह्यांनी मला भोंग्याची अख्खी माहिती दिली असती.

मी वळून बघितलं. कपाळावर घामाचे थेंब. शर्टाची कॉलर ओली. बोटीत गार होतं, मी स्वेटरवर शाल घेतलेली, आणि ह्यांना घाम. हात हातात घेतला तर थरथरतोय.

"अहो, साखर उतरली तुमची. गोळी घेतलीत आणि पोटात काही नाही."

"मी ठीक आहे," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी सभ्यपणानं, "मॅडम, आपण जरा पलीकडे बसाल का?"

एवढी वर्षं ह्यांनी मला 'अगं'शिवाय हाक मारली नाही. मॅडम!

पर्स उपडी केली. दोन पेपरमिंट, खोकल्याच्या गोळ्या, च्युइंगम. सगळं शुगर फ्री. डायबेटीसवाल्या घरात दुसरं काय सापडणार? लाल पिशवी खाली, दार बंद. कॅफेटेरियाकडे जावं तर ह्यांना एकटं कसं सोडू?

नारिंगी जाकिटातली बोटीवरची एक बाई जाताना दिसली. मी तिला हातच धरून ओढलं. माझं इंग्रजी मी किराण्याच्या फ्लायरवरून शिकलेलं, घाबरले की निम्मं पळून जातं. "माय हजबंड. डायबेटीस. शुगर लो. फूड इन कार. प्लीज."

ती चांगली होती हो. लगेच वॉकीटॉकीवर बोलली, फर्स्ट एडवाल्याला बोलावलं, धावत जाऊन सफरचंदाच्या ज्यूसचा छोटा खोका आणला, स्ट्रॉ लावलेला. ह्यांच्यापुढं वाकून म्हणाली, "सर, कॅन यू ड्रिंक धिस फॉर मी?"

"नो, थँक यू. आय अॅम फास्टिंग," हे म्हणाले. इतक्या खणखणीत इंग्रजीत की मीटिंगला बसलेत असं वाटावं.

"अहो, ज्यूस चालतो उपासाला. फळांचाच आहे."

"त्याच हातानं मासे दिलेत तिनं." आणि खोका ढकलला. एरवी माझ्या ताटातला घास उचलून खाणारा माणूस!

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. "ही इज सेइंग नो, मॅम. फर्स्ट एड इज कमिंग."

तिचंही बरोबर. शहाणासुरता माणूस नको म्हणतोय, त्याच्या तोंडात कसं कोंबणार? पण तो नको म्हणणारा माणूस माझा नव्हता, हे तिला कसं सांगायचं? बायपासच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर फार उतरली तर शुद्ध जाते, झटके येतात. ह्यांच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. शुद्ध गेली की घोटही गिळता यायचा नाही.

समोरच्या खुर्चीवर एक पंजाबी बाई बसली होती, माझ्याच वयाची, डोक्यावर ओढणी, शेजारी पगडीवाला नवरा. ती उठून आली. "बहनजी, क्या हुआ?"

"इनका व्रत है," मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं. "चाँद देखे बिना खाते नहीं. और शुगर गिर गयी है."

'चाँद' म्हटल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. जास्त काही सांगायची गरजच पडली नाही. तिकडे पंजाबात करवा चौथला बायका नवऱ्यासाठी चंद्राची वाट बघत उपाशी राहतात, तिला चंद्राचा उपास काय असतो हे माहीतच होतं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. मीही बघितलं. समोरून दुसरी बोट येत होती, आमच्यासारखीच. पावसात, धुक्यात तिचा बाकी आकार काही दिसत नव्हता. वर एक गोल, पिवळसर दिवा तेवढा होता. हळूहळू डोंगराच्या कडेवरून वर येत होता.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मी ह्यांचा चेहरा दोन्ही हातांनी खिडकीकडे वळवला. "अहो, चंद्र उगवला. बघा. उठा, नमस्कार करा."

"कुठं?"

"तो काय."

"वेळ नाही झाली अजून." हे शब्द तोंडातल्या तोंडात अडखळत आले. तशाही अवस्थेत वेळेचा हिशेब! फोन शोधायला लागले, पण बोटं खिशात जाईनात.

"भाईसाब," ती बाई मोठ्यानं म्हणाली, "निकल आया चाँद. मैंने अर्घ्य भी दे दिया." आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "आप भी बोलो जी!"

"हां जी, हां जी," पगडीवाले घाईघाईनं म्हणाले. "बिलकुल गोल है."

चतुर्थीचा चंद्र, आणि बिलकुल गोल! दुसऱ्या कुठल्याही दिवशी ह्यांनी तिथंच त्यांना पकडलं असतं, चंद्राच्या कला समजावून सांगितल्या असत्या. पण हे त्या दिव्याकडे बघत राहिले. थरथरणारे हात कसेबसे जुळवले. ओठ हलले. मी खोका तोंडाला लावला. "घ्या. प्रसाद आहे."

प्यायले. स्ट्रॉचा आवाज होईपर्यंत प्यायले. नारिंगी जाकिटातली बाई दुसरा खोका घेऊन आली, तोही. तोवर फर्स्ट एडवाला आला, त्यानं बोटाला टोचून साखर बघितली, भुवया उंचावल्या आणि तिसरा खोका मागवला. समोरची बोट बाजूनं निघून गेली, चंद्र गेला, पुन्हा भोंगा वाजला. मी ह्यांचं मनगट धरून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. किती वेळ, कोण जाणे. माझ्या तोंडून एकच निघत होतं, देवा, ह्यांना 'अगं' म्हणू दे.

मग ह्यांनी डोळे नीट उघडले. माझ्याकडे बघितलं, आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं.

"अगं, खाली का बसलीयेस? गुडघे दुखतील ना."

मी अशी काही रडले, की ती पंजाबी बाईही रडायला लागली.

गाडी चालवायला अर्थातच ह्यांना कोणी दिली नाही, आणि मला येत नाही. ती बाई म्हणाली, "चाबी दो." आपली गाडी नवऱ्यावर सोपवून तिनं आमची गाडी बोटीच्या पोटातून बाहेर काढली. मागं मी लाल पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, एक-एक खजूर ह्यांच्या हातावर ठेवत. धक्क्याबाहेर लेक उभी होती. "हाय आई! हाऊ वॉज इट? ब्यूटिफुल ना?"

त्या रात्री बेटावर पाऊसच पाऊस, चंद्र कुठला दिसायला. लेकीनं मऊ भात केला. हे जेवायला बसले, पहिला घास उचलला आणि थांबले. मला वाटलं, आता विचारणार. पण विचारलं नाही. तसाच घास तोंडात घातला. आजतागायत विचारलेलं नाही. पुढच्या महिन्यापासून संकष्टी धरायची कधी आणि सोडायची कधी, एवढंच नाही, तर गोळी घ्यायची की नाही, हेही आदल्या दिवशी माझ्याकडून वदवून घेतात. दिनदर्शिका स्वयंपाकघरातून काढून टाकली, इथली तिथी मी आता फोनवरच बघते. माझ्या प्रत्येक कोटाच्या खिशात आता खजूर असतात, धुताना मशीनमध्ये बिया खडखडतात.

परतीलाही बोटच होती, तिकीट आधीच काढलेलं. ह्या वेळी स्वच्छ ऊन, पाणी निळंशार, लोक काचेला नाकं लावून फोटो काढतायत. दोन बेटांमधली तीच वाट आली, तोच भोंगा वाजला, आणि मी दचकलेही नाही. मी ह्यांच्याकडे तोंड करून बसले होते, पाण्याकडे पाठ.

"काय बघतेस एवढं?" हे म्हणाले. "समुद्र तिकडे आहे."

"असू दे," मी म्हटलं, आणि कपाळावर घाम आलाय का, ते हात लावून बघितलं.