कोंबड्या नसलेला फोटो

आमच्या दारासमोरून छोटी आगगाडी जाते. रूळ रुंद करायचे म्हणून ती आता बंद होणार आहे. तिचे फोटो काढायला शहरातून एक दादा येतात. आज आल्याआल्या त्यांनी हात जोडले, "मावशी, आज तरी तुमच्या कोंबड्या रुळावर नकोत हं!" मी कोंबड्या डालग्याखाली झाकल्या आणि स्वतः दाराआड उभी राहिले.

एरवी गाडी दिसली की मी कोंबड्या हाकलायला धावते. ड्रायव्हर भोंगा वाजवतो, हसतो आणि जातो. इतक्या वर्षांची आमची ओळख एवढीच.

आज रूळ मोकळा होता, तरी गाडी हळू झाली. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून माझ्या दाराकडे बघत ओरडला, "कोंबडीवाल्या ताई, बऱ्या आहात ना?" मी दाराआडून नुसता हात हलवला. गाडी गेली.

"मधेच डोकावला बाबा! सगळा फोटो बिघडवला," म्हणत दादांनी तो मला दाखवला.

रोजचं माणूस एक दिवस दिसलं नाही, तर कोणाला तरी चुकल्यासारखं होतं. आपणही कोणाचं रोजचं माणूस असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. गाडी बंद झाल्यावर ड्रायव्हर बरा आहे का, हे मी कुठे वाकून बघू?

फोटोत मी नाही. तो मात्र मलाच शोधतो आहे.

खूप धीर करून मी म्हटलं, "दादा, हा बिघडलेला मला द्याल?"