अंगकोरच्या दारातला विष्णू

यजमान गेल्यानंतर मी देवासमोर बसायची, पण मन लागत नसे. कंबोडियात अंगकोरला जाऊन तिथला विष्णू बघायचा, ही त्यांची फार वर्षांची ओढ. दर वेळी काहीतरी आडवं आलं. आधी नोकरी, मग मुलाचं कॉलेज, शेवटी त्यांचं आजारपण. आता ती ओढ माझ्या एकटीकडे उरली होती, आणि माझे दोन्ही गुडघे दुखरे. मुलगा म्हणाला, "आई, बी प्रॅक्टिकल. तिथे तुझ्याबरोबर कोण असेल?" त्याचं चुकत नव्हतं. तरी दिवा लावताना डोळे भरून यायचे.

इथे अमेरिकेत, शुगर लँड गावात मी फिजिओथेरपीला जाते. तिथे शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक बाई बसायची. एकदा माझ्या फोनवर त्या देवळाचा फोटो दिसला आणि तिने न राहवून विचारलं, "कंबोडियाला चाललात?" तिचं नाव चंथू. लहानपणी कंबोडियातल्या युद्धातून वाचून ती आईबरोबर इथे आली होती.

"जावंसं फार वाटतं," मी म्हटलं, "पण पायऱ्या चढवणार नाहीत."

मग ती सांगतच सुटली. डिसेंबर-जानेवारीत जा, एरवी उकाडा सोसणार नाही. व्हिसा ऑनलाइन मिळतो. डॉलर चालतात, पण सुट्टे ठेवा. नोट जराशी फाटकी असली तरी घेत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. ऊन चढायच्या आत देऊळ बघून घ्या. "आणि पायऱ्यांचं काय घेऊन बसलात? विष्णू पश्चिमेच्या दारातच उभा आहे. माझी आई सांगायची."

"तुम्ही कधी गेला होतात?"

ती म्हणाली, "दर हिवाळ्यात सगळी तयारी करते. तिकीट काढायची वेळ आली की धीर होत नाही. आईही परत जायचं म्हणतच गेली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याबरोबर येता?"

तेवढ्यात तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिने माझा हात धरला. "जानेवारीत जाऊ या."

आणि आम्ही गेलो. दारातच आठ हातांची उंच मूर्ती, अंगावर केशरी वस्त्र, पायाशी उदबत्त्या. चंथू गुडघे टेकून कितीतरी वेळ तिच्या भाषेत आईशी बोलत होती. मग डोळे पुसत म्हणाली, "आम्ही याला ता रीच म्हणतो. ता म्हणजे आजोबा."

पुष्कळ काही मागायचं ठरवून आले होते, त्यातलं एकही आठवेना. नुसते हात जोडले. यजमान शेजारी हवे होते असं फार वाटलं, अजूनही वाटतं. पण कुणी कुणाच्या सोबतीने यायचं, ते माझ्या हातात नव्हतं. विष्णूने ते केव्हाच ठरवलं होतं. माणसं आत पायऱ्यांकडे चालली होती. आम्ही दोघी दारातच बसून राहिलो. उठायची घाई दोघींनाही नव्हती.